शेवटपर्यंत न आटणारं पाणी

नेहमीचे द्रव : लेखांक सातवा

फेब्रुवारी ते मे या दिवसांत पनवेल-उरण रस्त्यानं उरणकडे गेलात, तर खाडीलगत बांध घालून केलेले उथळ पाण्याचे चौकोन अजून काही ठिकाणी दिसतात. बांधावर मिठाच्या राशी असतात. पाहणाऱ्याला वाटतं, यात अवघड ते काय? भरतीचं पाणी आत घ्यायचं, उन्हात आटू द्यायचं आणि तळाशी राहील ते गोळा करायचं. शाळेतल्या बाष्पीभवनाच्या धड्यानं आपल्या मनात हेच चित्र पक्कं केलेलं असतं. प्रत्यक्षात कोणताही मिठागरवाला समुद्राचं पाणी पूर्ण आटवत नाही. तसं करून जे हाती येईल ते कडू आणि चिकट असेल. शिवाय आपल्या किनाऱ्यावरच्या हवेत ते पाणी पूर्ण आटणारही नाही. मीठ पिकवण्याचं कसब पाणी आटवण्यात जेवढं आहे, त्याहून जास्त ते योग्य वेळी पाणी सोडून देण्यात आहे.

एक लिटर समुद्राच्या पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार विरघळलेले असतात. त्यातलं आपलं खायचं मीठ, म्हणजे सोडियम क्लोराइड, सुमारे २७ ग्रॅम. बाकीच्यात मॅग्नेशियमचे क्षार बरेच, आणि मग कॅल्शियम, पोटॅशियम वगैरे. या क्षारांचं एकमेकांशी प्रमाण जगातल्या सगळ्या महासागरांत जवळजवळ सारखं असतं. १८७२ ते १८७६ या काळात ‘चॅलेंजर’ हे ब्रिटिश जहाज जगभरच्या समुद्रांचा अभ्यास करत फिरलं. त्यानं आणलेल्या पाण्याचे ७७ नमुने विल्यम डिटमार या रसायनशास्त्रज्ञानं तपासले आणि १८८४ मध्ये हे प्रमाण निर्विवादपणे मांडलं. आपल्या खाडीचं पाणी पावसाळ्यात पुष्कळ गोडं होतं आणि उन्हाळ्यात खारटपणा पुन्हा चढतो. पण त्यातले क्षार मुळात समुद्राचेच असल्यामुळे त्यांचं आपसातलं प्रमाण फारसं हलत नाही. म्हणून हे पाणी आटताना कसं वागेल हे आधी सांगता येतं.

ते सांगितलं युसिग्लिओ या रसायनशास्त्रज्ञानं. १८४९ मध्ये त्यानं भूमध्य समुद्राचं पाणी हळूहळू आटवलं आणि कोणत्या टप्प्याला काय खाली बसतं याची नोंद ठेवली. सगळ्यात आधी थोडा चुना, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, बसतो. पाणी मूळच्या पाचव्या हिश्श्यावर आलं की जिप्सम बसू लागतं. मीठ मात्र पाणी दहाव्या हिश्श्याखाली गेल्याशिवाय दिसतच नाही. त्यानंतरही आटवत राहिलं, तर मिठाच्या पाठोपाठ मॅग्नेशियमचे आणि पोटॅशियमचे कडू क्षार यायला लागतात. म्हणजे हव्या त्या मिठाच्या आधी एक नको असलेली गोष्ट येते, आणि नंतर दुसरी. आपल्याला मधलाच टप्पा हवा असतो.

मिठागराची सगळी रचना या क्रमावर बेतलेली आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला उघाडीतून, म्हणजे बांधातल्या दारातून, पाणी आत घेतात आणि मोठ्या तळ्यात साठवतात. तिथून ते एकामागून एक वाफ्यांत उतरत जातं आणि प्रत्येक ठिकाणी थोडं थोडं दाट होतं. चुना आणि जिप्सम वाटेतल्या वाफ्यांत मागे राहतात. शेवटच्या छोट्या वाफ्यांत पाणी पोहोचतं तेव्हा ते मिठानं काठोकाठ भरलेलं असतं. या वाफ्यांची जमीन पावसाळ्यानंतर पायांनी तुडवून तुडवून घट्ट केलेली असते. जमीन मऊ राहिली तर महागाचं दाट पाणी मातीत जिरतं आणि मिठात चिखल येतो. त्या तुडवणीत किती श्रम आहेत, हे तयार रास पाहून कळत नाही.

पाणी किती दाट झालं हे मोजायला काचेची तरंगती नळी वापरतात. पाणी जितकं जड, तितकी ती वर उचलली जाते. तिच्यावरची मोजपट्टी आन्त्वान बोमे या फ्रेंच औषधनिर्मात्यानं १७६८ मध्ये तयार केली, आणि तीही मिठाच्या पाण्यावरूनच. शुद्ध पाण्यात नळी जिथे तरंगते तो शून्य अंश आणि शंभरात पंधरा भाग मीठ असलेल्या पाण्यात जिथे तरंगते तो पंधरा अंश. समुद्राचं पाणी या पट्टीवर साडेतीनच्या आसपास असतं. तेराच्या सुमारास जिप्सम बसू लागतं, पंचवीसच्या थोडं पुढे मीठ धरतं आणि एकोणतीस-तीसच्या आत उरलेलं पाणी काढून टाकावं लागतं. सगळं मीठ या पाचेक अंशांच्या पट्ट्यात पिकतं.

याच दाट पाण्याला कधी कधी गुलाबी किंवा विटकरी रंग चढतो. तो घाणीचा नसतो. इतक्या खारात बहुतेक जीव मरतात, पण ड्युनालिएला नावाचं सूक्ष्म शैवाल आणि खारप्रेमी सूक्ष्मजीव तिथे तग धरतात. कडक उन्हापासून बचाव म्हणून ते तांबूस रंगद्रव्यं साठवतात. गाजराला रंग देणारं बीटा कॅरोटीन या शैवालात भरपूर असतं. रंगीत पाणी जास्त ऊन शोषतं, जास्त तापतं आणि लवकर आटतं, त्यामुळे हे जीव मिठागराच्या उपयोगीच पडतात. ठाणे खाडीत येणाऱ्या रोहित पक्ष्यांचा गुलाबी रंगही अन्नातून मिळणाऱ्या याच जातीच्या रंगद्रव्यांचा असतो.

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ : पाणी शेवटपर्यंत का आटत नाही?

बाष्पीभवन एकाच दिशेनं होत नाही. पाण्याचे रेणू पृष्ठभागावरून हवेत जातात, तसेच हवेतले रेणू परत पाण्यात येतात. जाणारे जास्त असतील तर पाणी कमी होतं. शुद्ध पाण्यापुरतं बोलायचं, तर हवा बाष्पानं पूर्ण भरलेली नसेल तोवर ते आटत राहतं. मीठ विरघळलं की चित्र बदलतं. सोडियम आणि क्लोराइडचे आयन आपल्याभोवती पाण्याचे रेणू धरून ठेवतात, त्यामुळे निसटणाऱ्यांची संख्या घटते. आणखी मीठ विरघळूच शकत नाही इतक्या दाट, म्हणजे संपृक्त पाण्यात ती शुद्ध पाण्याच्या सुमारे तीन चतुर्थांश होते. म्हणून हवेची आर्द्रता ७५ टक्क्यांपर्यंत चढली की असं पाणी आटणं थांबतं. आर्द्रता त्याहून वर गेली तर ते उलट हवेतून पाणी ओढून घेतं. किनाऱ्यावर रात्री आणि पहाटे ही मर्यादा सहज ओलांडली जाते. शेवटच्या वाफ्याचं खरं काम दुपारी होतं, ऊन आणि पाण्यावरची दमट हवा बाजूला नेणारा वारा या दोघांच्या जोरावर.

मीठ काढून उरलेल्या पाण्याची गोष्ट तर आणखी पुढची आहे. त्यात मॅग्नेशियम क्लोराइड साठलेलं असतं. मॅग्नेशियमचा आयन आकारानं लहान आणि दुप्पट विद्युतभाराचा असल्यामुळे तो पाण्याचे सहा रेणू अगदी जवळ घट्ट धरून ठेवतो. त्याचं संपृक्त द्रावण आटायला हवेची आर्द्रता ३३ टक्क्यांच्या खाली जावी लागते. उरणच्या किनाऱ्यावर इतकी कोरडी हवा एखाद्या दुपारी मिळाली तरी संध्याकाळी ती राहत नाही. वाफ्यात महिनाभर ठेवलं तरी हे कडू पाणी तसंच राहील. ते काढून टाकावंच लागतं. जगात ते वायाच जातं असंही नाही. जपानात ते टोफू जमवायला वापरतात आणि गुजरातेत त्यातून ब्रोमीन काढतात. मिठाचं शास्त्र आणि त्याचे हे जोडउपयोग यांवर भावनगरची केंद्रीय लवण आणि सागरी रसायन संशोधन संस्था १९५४ पासून काम करते आहे.

पाणी सोडून दिलं तरी थोडं कडू पाणी खड्यांच्या मध्ये आणि खड्यांच्या आतही अडकून राहतं. फळीनं ओढून काढलेलं मीठ बांधावर रास करून ठेवतात, त्याचं एक कारण हे आहे. मॅग्नेशियम क्लोराइड हवेतली ओल घेऊन पाणी होतं आणि राशीतून निथळून जातं. मीठ मात्र हवा ७५ टक्क्यांच्या आत असेपर्यंत कोरडं राहतं. काही न करता नुसती पडून असलेली रास दिवसेंदिवस शुद्ध होत असते. मला या सगळ्या प्रक्रियेतला हा भाग सर्वांत सुंदर वाटतो.

आपल्या स्वयंपाकघरातलं मीठ पावसाळ्यात का ओलावतं, याचं उत्तरही इथेच आहे. जुलैत नवी मुंबईची हवा ७५ टक्क्यांच्या वरच असते, म्हणून अगदी शुद्ध मीठही पाणी धरतं. बारीक मिठाचा पृष्ठभाग जास्त असल्यामुळे ते लवकर गोळा होतं. पुडीतल्या मिठात गुठळ्या होऊ नयेत म्हणून एखादं द्रव्य अगदी थोडं मिसळलेलं असतं, पण उघड्या डब्यात तेही पुरत नाही. हिवाळ्यात किंवा मार्चमध्येही जाडं मीठ ओलं लागत असेल, तर त्यात मॅग्नेशियम राहिलं आहे हे ओळखावं. अशा मिठाच्या बरणीत तळाशी पाणी जमतं. ते ढवळून परत मिठात मिसळू नका, ओतून टाका. कडूपणा त्यातच असतो. लोणच्याला, मासळी खारवायला जाडं मीठ उत्तम. रोजच्या जेवणात मात्र आयोडीनयुक्त मीठच वापरा. समुद्राच्या पाण्यात आयोडीन इतकं थोडं असतं की मिठागराच्या मिठातून शरीराची गरज भागत नाही.

या कामाला लागणाऱ्या ऊर्जेचा हिशेब एकदा तरी करून पाहावा. एक किलो मिठासाठी किमान चाळीस लिटर समुद्राचं पाणी लागतं. लिटरभर पाण्याची वाफ करायला सुमारे २४ लाख ज्यूल उष्णता खर्च होते. हे काम घरच्या गॅसवर करायचं, तर थोडीही उष्णता वाया गेली नाही असं धरूनही किलोभर मिठाला दोन किलो गॅस जळेल. १४.२ किलोचा सिलिंडर सात किलो मिठात संपेल. वाफ्यात हे सगळं ऊन करतं. माणसाला करावे लागतात ते बांध, तुडवण, ओढणी आणि पाणी सोडण्याचा निर्णय.

असं काम चालणारी मिठागरं इथे आता थोडीच उरली आहेत. १७ मार्च १९७० रोजी नवं शहर वसवण्यासाठी सिडको हे सरकारी महामंडळ स्थापन झालं. ठाणे, पनवेल, उरण भागातल्या ९५ गावांच्या जमिनीवर नवी मुंबई आखली गेली आणि १९८९ मध्ये शेव्याला जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झालं. खाडीकाठच्या शेतांबरोबर मिठागरंही त्यात गेली. आज देशातलं बहुतेक मीठ गुजरातमध्ये पिकतं, आणि दमट हवेच्या उरणला कच्छच्या कोरड्या हवेशी स्पर्धा करणं कठीणच होतं. तरीही माझं स्पष्ट मत आहे की उरण-पेणकडची उरलेली मिठागरं चालू राहायला हवीत. हवा साथ देत नसताना अंशा-अंशावर लक्ष ठेवून मीठ काढण्याचं ज्ञान तिथल्या आगरी कुटुंबांकडे आहे. ते पुस्तकात लिहून जपता येण्यासारखं नाही. मुलांना बाष्पीभवन शिकवणाऱ्या शिक्षकांना माझी विनंती आहे : वळवाचा पहिला पाऊस राशी भिजवण्याआधी, मालकाची परवानगी घेऊन, एकदा वर्ग तिथे न्या. पहिल्या तळ्यातलं आणि शेवटच्या वाफ्यातलं पाणी दोन बाटल्यांत भरून घ्या, आणि दोन्ही बशीत ओतून वर्गात ठेवा. दुसरी बशी आधी पांढरी होईल, पण कोरडी पडणार नाही.