कॅमेऱ्याची बॅग म्हणजे कपाट नव्हे

हौसेने फोटो काढणाऱ्या बहुतेकांच्या घरी माळ्यावर दोन-तीन कॅमेरा बॅगा पडलेल्या असतात. एक फार मोठी निघाली, एकीत नवी लेन्स बसेना, एकीची चेन अडकते, म्हणून पुढच्या बॅगेचा शोध चालूच राहतो. या शोधात पैसे जातातच. पण बॅगेबद्दलचे काही समज मनात इतके पक्के बसलेले असतात की त्यापायी महागड्या लेन्साही खराब होतात, आणि हे नुकसान जास्त मोठं आहे.

पहिला समज असा, की नीट शोधलं तर सगळ्या कामांना पुरेल अशी एक बॅग सापडेलच. ती सापडत नाही, कारण आपल्या मागण्याच एकमेकींच्या आड येतात. जाड फोम हवा असेल तर वजन वाढणार. कॅमेरा चटकन हाती यायचा तर झाकण सैल हवं, आणि लोकलच्या गर्दीत सैल झाकणाखाली दुसऱ्याचा हातही जातो. ज्या बॅगांचं नाव झालं, त्या एखाद्या ठरावीक कामातूनच निघाल्या. जिम डोमके हे ‘फिलाडेल्फिया इन्क्वायरर’ या दैनिकाचे छायाचित्रकार. १९७० च्या दशकात त्यांनी बातमीदारीच्या धावपळीसाठी कॅनव्हासची बॅग तयार केली. तिला फोम अगदी बेताचा होता, कारण ती अंगाला चिकटून राहणं आणि हात पटकन आत जाणं त्यांना जास्त गरजेचं होतं. इंग्लंडची बिलिंगहॅम कंपनी १९७३ मध्ये सुरू झाली ती गळाने मासे पकडणाऱ्यांच्या बॅगा शिवायला. न्यूयॉर्कचे छायाचित्रकार त्यांत कॅमेरे ठेवतात, हे कळल्यावर ती कॅमेरा बॅगांकडे वळली. वारीत चालताना लागणारी बॅग आणि ताडोबाच्या जिप्सीत धुळीपासून लेन्स वाचवणारी बॅग वेगवेगळी असणार, हे एकदा मान्य केलं की निम्मा शोध तिथेच संपतो.

जाड फोम म्हणजे सुरक्षितता, हाही असाच एक समज. फोम धक्का सोसतो, हे खरं. पण माझ्या पाहण्यात कॅमेरे जमिनीवर आले ते बहुधा चेन उघडी राहिल्यामुळे. बॅग खाली ठेवली की आधी चेन लावायची, ही सवय फोमाच्या आणखी एका थरापेक्षा जास्त उपयोगी आहे.

आता पाऊस. दुकानदार ‘वॉटरप्रूफ’ म्हणतो, लेबलवर मात्र ‘वॉटर रेझिस्टंट’ लिहिलेलं असतं, आणि खरं लेबलच मानायचं. कापडाला सहसा आतून पॉलियुरेथेनचा लेप असतो, त्यामुळे कापड बराच वेळ पाणी अडवतं. पाणी शिरतं ते शिलाईच्या भोकांतून आणि चेनमधून. सोबत मिळणारं रेनकव्हर पाठीकडची बाजू उघडीच ठेवतं. घाटात तासभर झोडपणारा पाऊस लागला की मानेवरून ओघळलेलं पाणी तिथल्या गादीत मुरतं आणि हळूहळू आत झिरपतं. हा लेपही कायमचा नसतो. दमट हवेत काही वर्षांत तो चिकट होतो, त्याचे पापुद्रे सुटतात, आणि मग बॅग धुऊन किंवा वाळवून काही उपयोग होत नाही. सह्याद्रीत पावसाळ्यात फिरणाऱ्याने बॅगेच्या आत, कॅमेऱ्याभोवती जाड प्लॅस्टिकची पिशवी ठेवावी. स्वस्तातला इतका खात्रीचा उपाय दुसरा नाही.

सगळ्यात महाग पडणारा समज मात्र वेगळाच आहे: कॅमेरा बॅगेत बंद करून ठेवला की तो सुरक्षित राहतो. मुंबईत आणि कोकणात जुलैमध्ये हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते. ती साधारण ६० टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली की लेन्सला बुरशी धरायला वाव मिळतो. बॅगेतला फोम ओल धरून ठेवतो, आत अंधार असतो आणि हवा हलत नाही. बुरशीला आणखी काही लागत नाही. काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे पसरतात. लेन्स उघडून ते पुसता येतात, पण तोवर बुरशीने काचेवरचा लेप खाल्ला असेल तर डाग कायमचे राहतात. बॅगेबरोबर आलेली सिलिका जेलची पुडी इथे कामाची नाही. चेनमधून हवा आत येतच राहते आणि पुडी लवकरच ओलाव्याने भरते. लेन्स घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि डब्यात सिलिका जेल घाला. निळे दाणे गुलाबी झाले किंवा नारिंगी दाणे हिरवे झाले की ते तापवून पुन्हा वापरता येतात. निळ्या दाण्यांत कोबाल्ट क्लोराइड हे विषारी द्रव्य असतं, त्यामुळे स्वयंपाकाची भांडी त्यासाठी वापरू नका. ऐपत असेल तर ड्राय कॅबिनेट घ्या आणि आतली आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांवर ठेवा.

बॅग बंद ठेवायची वेळही असते. एसीच्या खोलीतून दमट हवेत बाहेर पडताना थंड काचेवर लगेच दव साचतं. अशा वेळी कॅमेरा अर्धा तास बंद बॅगेतच राहू द्यावा.

विमानात कॅमेरा बॅगेला वजनाची सूट मिळते, असंही अनेकांना वाटतं. देशांतर्गत इकॉनॉमीत केबिनमधल्या बॅगेची नेहमीची मर्यादा ७ किलो आहे. निकॉनचा डी८५०, २४-७० आणि ७०-२०० या त्याच्या दोन मोठ्या लेन्सा मिळूनच साडेतीन किलो भरतात. त्यावर दोन किलोची बॅग आणि लॅपटॉप ठेवला की काटा सातला टेकतो. चाकांची टणक पेलिकन १५१० पेटी तर रिकामीच पाच किलोंच्या वर आहे. जादा लिथियम बॅटऱ्या चेक-इन सामानात टाकायला मनाई आहे, त्या हातातल्या बॅगेतच हव्यात.

नवी बॅग घ्यायचीच असेल तर लिटरच्या आकड्यावर भरवसा ठेवू नका. आपला कॅमेरा, त्यावर नेहमीची लेन्स लावून, दुकानात घेऊन जा आणि बॅगेत ठेवून पाहा. पण त्याआधी, आज रात्रीच, बॅगेतल्या लेन्सा बाहेर काढा. एकेकीचं छिद्र पूर्ण उघडं ठेवून मागून तिरका टॉर्च मारा आणि काचेत धागे दिसतात का ते पाहा. दिसले तर पावसाळा संपायची वाट पाहू नका, लेन्स लगेच दुरुस्तीला द्या.