पैनगंगेच्या पलीकडील मटण

यवतमाळमध्ये 'साऊथ इंडियन' अशी पाटी दिसली, की आत काय मिळेल हे विचारावे लागत नाही. इडली, डोसा, वडा-सांबार आणि उत्तप्पा हे पदार्थ तिथे असणारच. उडुपी पद्धतीच्या उपाहारगृहांनी विसाव्या शतकात मुंबईपासून विदर्भापर्यंत मिळवलेल्या लौकिकाचे हे फळ आहे आणि तो लौकिक रास्तही आहे. मात्र त्यामुळे दक्षिण भारत म्हणजे शाकाहार अशी जी समजूत आपल्याकडे रुजली आहे, ती वस्तुस्थितीच्या नेमकी उलट आहे. 2014 साली झालेल्या नमुना नोंदणी पाहणीनुसार तेलंगणातील पंधरा वर्षांवरील सुमारे 99 टक्के लोक मांसाहारी आहेत. आंध्र प्रदेश, तमिळनाडू आणि केरळ या राज्यांतही हे प्रमाण 97 टक्के किंवा त्याहून अधिक आहे. महाराष्ट्रात ते 60 टक्क्यांच्या आसपास भरते. 2019 च्या पशुगणनेत मेंढ्यांच्या संख्येत तेलंगण देशात पहिले आले. देशातील 7 कोटी 43 लाख मेंढ्यांपैकी 1 कोटी 91 लाख, म्हणजे चौथ्या हिश्श्याहून अधिक मेंढ्या त्या एका राज्यात होत्या.

हे तेलंगण यवतमाळ जिल्ह्याच्या अगदी शेजारी आहे. पांढरकवडा आणि पाटणबोरी मागे टाकून राष्ट्रीय महामार्ग क्रमांक 44 ने पैनगंगा ओलांडली, की आदिलाबाद जिल्हा लागतो. नदीमुळे राज्याची सीमा ठरली, जनजीवनाची मात्र ठरली नाही. आदिलाबादच्या बाजारात मराठी सहज चालते, आणि वणी, झरी-जामणी, पांढरकवड्याकडे तेलुगू कानावर पडते. याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे यवतमाळ जिल्ह्यातील कोलाम समाजाची कोलामी आणि गोंड समाजाची गोंडी या दोन्ही भाषा द्रविड कुळातील आहेत. दक्षिणेशी नाते सांगणारे हे लोक कुठून येऊन येथे वसलेले नसून याच मातीतले आहेत. राजकीय इतिहासही तेच सांगतो. वऱ्हाड प्रांत निजामाच्या राज्याचा भाग होता. 1853 च्या तहाने त्याचा कारभार इंग्रजांकडे गेला आणि 1902 साली तो कायमच्या भाडेपट्ट्याने त्यांच्या हाती आला. असे असूनही नदीपलीकडचे मटण आपल्याला अनोळखी वाटते, म्हणून त्याची माहिती येथे थोड्या विस्ताराने देत आहे.

तुलनेसाठी आधी आपल्या घरचे मटण घेऊ. वऱ्हाडी मटण हे मुख्यतः बोकडाचे. भाजलेला कांदा, सुके खोबरे, खसखस, धणे, काळे मसाले आणि तिखट यांचे वाटण, वर तर्री आणि सोबत ज्वारीची भाकर हे त्याचे रूप. नागपूरच्या कोष्टी समाजातून पुढे आलेली आणि आज यवतमाळच्या भोजनालयांत सर्वत्र दिसणारी सावजी पद्धत याच कुळातील, पण अधिक उग्र. या दोन्हींत एक गोष्ट समान आहे, ती म्हणजे आंबट द्रव्याचा अभाव. पानात लिंबाची फोड येते, तेवढाच काय तो आंबटपणा. दक्षिणेतील अनेक मटण-प्रकारांचे मर्म मात्र आंबटपणात आहे. म्हणूनच या पदार्थांचे वर्गीकरण राज्यवार करण्याऐवजी, रश्शाला आंबटपणा वा दाटपणा कशाने येतो यावरून करणे मला अधिक उपयुक्त वाटते.

पहिला वर्ग पालेभाजीच्या आंबटपणाचा. आंध्र आणि तेलंगणात प्रसिद्ध असलेले 'गोंगूरा मांसम' म्हणजे अंबाडी घातलेले मटण. अंबाडी या नावाने आपल्याकडे दोन सहोदर वनस्पती ओळखल्या जातात. वाखासाठी लावतात ती हिबिस्कस कॅनाबिनस आणि तांबड्या देठांची, लाल बोंडांची ती हिबिस्कस सब्दारिफा. दोन्हींचा पाला खाल्ला जातो. यवतमाळच्या शेतकऱ्याला ही वनस्पती नवी नाही. कपाशीच्या किंवा तुरीच्या शेताच्या धुऱ्यावर ती पावसाळ्यात हमखास दिसते. कण्या घालून केलेली अंबाडीची भाजी, वर लसणाची फोडणी आणि भाकर हे वऱ्हाडातील जुने जेवण आहे. फरक आहे तो हाताळणीचा. आपण पाला उकडतो, त्याचे आंबट पाणी पिळून टाकतो आणि उरलेल्या चोथ्याची भाजी करतो. आंध्रातील गृहिणी ते पाणी मुळीच काढत नाही. मटण कांदा, आले-लसूण, हळद आणि तिखटावर वेगळे मऊ शिजवून घेतात. दुसऱ्या भांड्यात तेलावर हिरव्या मिरच्या परतून त्यात धुऊन निथळलेला पाला टाकतात. काही क्षणांतच पाला आपला हिरवा रंग सोडून खाकी होतो आणि पुढे त्याचा मऊ गोळा होतो. हा गोळा शिजलेल्या मटणात मिसळून कडेने तेल सुटेपर्यंत मंद आचेवर ठेवतात. मटणाची चरबी आणि पाल्याचा आंबटपणा एकमेकांचा अतिरेक आवरतात. त्यामुळे पदार्थ तिखट असूनही जड वाटत नाही.

दुसरा वर्ग चिंचेचा. तेलुगू प्रदेशातील 'पुलुसू' हा चिंचेच्या कोळाचा पातळसर रस्सा. रायलसीमेत तो नाचणी आणि तांदूळ एकत्र शिजवून केलेल्या 'संगटी'च्या गोळ्याबरोबर खातात. तमिळनाडूतील 'कुळंबू' याच्या जवळचा. त्यात चिंच, टोमॅटो, ओले खोबरे यांचे प्रमाण गावागणिक बदलते. चेट्टिनाड भागातील मटणात बडीशेप, काळी मिरी, चक्रीफूल आणि दगडफूल यांचे मिश्रण असते. यांपैकी दगडफूल वऱ्हाडी वाचकाने लक्षात ठेवावे. ते फूल नसून बुरशी आणि शैवाल यांच्या सहजीवनातून बनलेले शैवाक आहे. कच्चे असताना त्याला वास जवळजवळ नसतो, पण गरम तेलात पडताच मातकट, धुरकट सुगंध सुटतो. सावजी मसाल्यात तेच असते आणि चेट्टिनाडची 'कल्पासी' म्हणजेही तेच. हजाराहून अधिक किलोमीटर अंतरावरील दोन काळपट रस्से एकाच मसाल्यामुळे एकमेकांची आठवण करून देतात.

केरळातील नारळाच्या दुधाचे सौम्य 'स्ट्यू' आणि थलश्शेरीची आखूड तांदळाची बिर्याणी, तसेच कोडगूतील 'कचंपुळी' या घट्ट, काळ्या फळ-अर्काने आंबट केलेले मांस, हे पुढचे वर्ग. त्यांचा विदर्भाशी प्रत्यक्ष संबंध फारसा नाही, म्हणून येथे नामनिर्देशावर थांबतो.

हैदराबादची गोष्ट निराळी आहे. तिथली कच्च्या मांसाची बिर्याणी, चणाडाळ आणि मटण एकत्र शिजवून चिंचेने आंबट केलेला दालचा आणि गहू-मांसाचा घोटून केलेला हलीम हे पदार्थ निजामी राज्याबरोबर मराठवाड्यात पसरले आणि वऱ्हाडातील मुस्लिम घरांतही रुळले. 2010 साली हैदराबादी हलीमला भौगोलिक मानांकन मिळाले. मांसाच्या पदार्थाला असा मान मिळणे ही त्या काळी नवलाची गोष्ट होती. दालचा मात्र यवतमाळकराला वेगळा समजावून सांगण्याची गरज नसावी. लग्नाच्या पंगतीत तो अनेकांनी खाल्लेला असतो.

आता कर्नाटकाकडे वळू. येथे एक अशी संस्था आहे, जिची माहिती प्रत्येक मराठी माणसाला असायला हवी. तिचे नाव 'मिलिटरी हॉटेल'. जुन्या म्हैसूर संस्थानात आणि विशेषतः बेंगळुरूत मांसाहारी खानावळीला हे नाव आहे. शाकाहारी उपाहारगृहांहून ती वेगळी ओळखू यावी, हा त्या नावाचा व्यावहारिक उपयोग. नावाचा उगम सैनिकांच्या भोजनाशी जोडला जातो. काही जण तो इंग्रजांच्या छावणीशी जोडतात, तर काही जण मराठा सैनिकांशी. उगम कोणताही मानला, तरी बेंगळुरूतील सर्वांत जुनी आणि नामांकित मिलिटरी हॉटेले मराठा कुटुंबांनी उभी केली, ही गोष्ट निर्विवाद आहे. कॉटनपेटेतील एस. जी. राव यांचे मिलिटरी हॉटेल 1908 सालचे आहे. आज जयनगर भागात असलेले शिवाजी मिलिटरी हॉटेल 1935 साली सुरू झाले. दोन्ही ठिकाणी आजही गर्दी असते.

मराठे तिथे पोहोचले कसे, याचे उत्तर सतराव्या शतकात आहे. 1638 साली विजापूरच्या रणदुल्लाखानाने केंपेगौडा घराण्याकडून बेंगळुरू घेतले. त्या मोहिमेत शहाजीराजे भोसले होते आणि पुढे ते शहर त्यांच्या जहागिरीचे केंद्र झाले. शहाजीराजांचे निधन 1664 साली झाले, आणि त्यांची समाधी कर्नाटकातील होदिगेरे येथे आहे. त्यांचे पुत्र व्यंकोजी पुढे तंजावरला गेले आणि त्यांनी तिथे मराठी राज्य स्थापले. बेंगळुरू 1687 मध्ये म्हैसूरच्या चिक्कदेवराज वडेयरांकडे गेले. राज्य गेले तरी माणसे राहिली. तिथल्या मराठा घरांत आजही कन्नड मिसळलेली मराठी बोलली जाते. अशा खुणा दक्षिणेत इतरत्रही आहेत. तेलंगणातील हिंदू खाटीक समाजाला 'आरेकटिका' म्हणतात. तेलुगू मुलखात 'आरे' हा शब्द मराठ्यांसाठी वापरला जातो. तंजावरला सरस्वती महाल ग्रंथालयात सरफोजीराजे दुसरे (1798 ते 1832) यांच्या काळातील 'शरभेंद्र पाकशास्त्र' जतन केलेले आहे. थोडक्यात, दक्षिणेच्या मटणात मराठी हात अनेक ठिकाणी लागलेला आहे.

मिलिटरी हॉटेलचा थाट साधा असतो. लाकडी किंवा संगमरवरी माथ्याची मेजे, केळीचे पान आणि वाढप्याच्या हातात बादली. दिवस सकाळीच सुरू होतो. न्याहारीला डोशाबरोबर खिमा किंवा पाय्याचे सूप घेणारे गिऱ्हाईक तिथे नेहमीचे. सुपारीच्या झाडाच्या झावळीच्या रुंद देठापासून केलेल्या द्रोणाला कन्नडमध्ये 'दोन्ने' म्हणतात. त्यात वाढली जाणारी दोन्ने बिर्याणी ही या खानावळींची ओळख. तिच्यात केशर नाही, तळलेला कांदा फारसा नाही आणि लांब दाण्याचा बासमतीही नाही. तांदूळ असतो जिऱ्याएवढ्या बारीक दाण्याचा 'जीरगा सांबा'. कोथिंबीर, पुदिना आणि हिरव्या मिरचीच्या वाटणात तो मटणाबरोबर एकत्र शिजतो, म्हणून भात हिरवट दिसतो. दाणा बारीक असल्याने रस आतपर्यंत जातो. दुपारी उशिरा गेलेल्याला बहुधा रिकामे पातेले पाहावे लागते, कारण दिवसाचा एकच मोठा हंडा लावण्याची जुनी रीत अजून पुष्कळ ठिकाणी पाळली जाते.

बिर्याणीपेक्षाही मला महत्त्वाची वाटते ती 'रागी मुद्दे' आणि मटणाचा रस्सा ही जोडी. उकळत्या पाण्यात नाचणीचे पीठ सोडून लाकडी दांड्याने ते जोराने घोटतात, आणि गरम असतानाच ओल्या हाताने त्याचा गोळा वळतात. खाणाऱ्याने लहानसा तुकडा तोडायचा, बोटांनी तो चेपायचा, रश्शात बुडवायचा आणि न चावता गिळायचा. नवख्याला हे जमत नाही, तो चावू लागतो आणि पीठ दातांना चिकटते. रस्सा असा पातळ का ठेवला आहे, हे तेव्हा कळते. आपला भाकरी कुस्करून खाण्याचा तर्रीदार रस्सा येथे चालणार नाही. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असते.  जोडीला 'खिमा उंडे' म्हणजे खिम्यात फुटाण्याची डाळ, खोबरे आणि खसखस वाटून वळलेले गोळे, आणि बोटीचा दाट रस्सा असतो. म्हैसूरच्या मंडी मोहल्ल्यातील हनुमंतू यांचे 1930 पासूनचे पुलाव-मटण आणि तमिळनाडूतील दिंडिगल येथे नागसामी नायडू यांनी 1957 मध्ये सुरू केलेली तलप्पाकट्टी बिर्याणी हे याच खानावळी संस्कृतीचे पुढचे टप्पे.

या परंपरेचे मूळ किती मागे नेता येते? कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात, सुमारे 1129 मध्ये, 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. कल्याणी म्हणजे आजचे बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण. त्याच्या अन्नभोग प्रकरणात मांसाचे अनेक प्रकार कृतीसह सांगितले आहेत आणि त्यांत निखाऱ्यावर भाजलेल्या 'भडित्रक'चाही समावेश आहे. याच ग्रंथात महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओव्या गातात, अशी नोंद आहे. मराठी ओवी आणि दख्खनचे मांस एकाच ग्रंथात नोंदले गेले, याचा अभिमान बाळगण्यास हरकत नाही.

मिरचीविषयी दोन शब्द आवश्यक आहेत. नागपूर जिल्ह्यातील भिवापुरी मिरची तिखट आणि गडद रंगाची, आंध्रची गुंटूर मिरची अधिक तिखट, कर्नाटकाची ब्याडगी रंगाला उत्तम पण तिखटाला बेताची. आंध्र पद्धतीचे मटण घरी करताना गुंटूर मिरचीऐवजी भिवापुरी वापरली तर चव बिघडत नाही. ब्याडगी मात्र एकटी वापरू नये.

यवतमाळमधील ज्या वाचकांना अंबाडीचे हे मटण चाखायचे आहे, त्यांना दूर जाण्याची आवश्यकता नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, बहुतेक मांसाहारी घरांत मटण शिजते, आणि नेमकी त्याच सुमारास धुऱ्यावरची अंबाडी कोवळी असते. अर्धा किलो मटणास अंबाडीच्या निवडलेल्या पानांची एक मोठी ओंजळ पुरते. पाला उकडून पिळू नये, थेट तेलात परतावा, आणि मटण पूर्ण मऊ झाल्यावरच त्यात मिसळावा. येत्या करीला हा प्रयोग अवश्य करून पाहावा, आणि सोबत भात नको, आपली ज्वारीची भाकरच असू द्यावी.