व्हिफनपूफ्स: दरवर्षी नव्याने उभा राहणारा गायकवृंद

कॅम्पसचे सूर : लेखांक चौथा

अमेरिकेतील महाविद्यालयीन अकापेला गटांमध्ये, म्हणजे वाद्यांची साथ न घेता गाणाऱ्या विद्यार्थ्यांच्या वृंदांमध्ये, येल विद्यापीठाचा ‘व्हिफनपूफ्स’ हा सर्वांत जुना मानला जातो. कनेटिकट राज्यातील न्यू हेवन या गावी १९०९ मध्ये पाच विद्यार्थ्यांनी तो सुरू केला. आज त्यात चौदा गायक असतात आणि ते फक्त एका वर्षापुरते असतात. वर्ष संपले की सर्वच्या सर्व बाहेर पडतात आणि त्यांच्या जागी नवे चौदा येतात. एकही जुना गायक मागे राहत नसताना गायनाची शैली, गाणी आणि रीतिरिवाज शंभराहून अधिक वर्षे कसे टिकले, हाच या गटाच्या इतिहासातील लक्षवेधी भाग आहे.

अमेरिकेतील विद्यापीठांत समूहगायन त्याआधीच रुजले होते. अठराव्या शतकातील इंग्लंडमध्ये ‘ग्ली’ नावाचा एक गीतप्रकार लोकप्रिय होता. तीन किंवा अधिक आवाजांनी, बहुधा वाद्यांविना, तो गायला जाई. त्यावरून गायनमंडळांना ‘ग्ली क्लब’ हे नाव पडले आणि अटलांटिक ओलांडल्यावर ते विद्यापीठांना चिकटले. हार्वर्डचा ग्ली क्लब १८५८ चा, येलचा १८६१ चा. हे वृंद मोठे असत, त्यामुळे त्यांतल्या निवडक आवाजांची चौकडी वेगळी काढण्याची पद्धत पडली. त्याच सुमारास ‘बार्बरशॉप’ नावाच्या चार आवाजांच्या गायनाची देशभर चलती होती. गोऱ्या तरुणांनी ही शैली इतकी आपलीशी केली की पुढे ती त्यांचीच समजली जाऊ लागली. प्रत्यक्षात तिची मुळे कृष्णवर्णीय समाजाच्या चौकडी-गायनात असल्याचे अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. व्हिफनपूफ्सचे गाणे इंग्रजी ग्ली आणि बार्बरशॉप या दोन प्रवाहांच्या संगमावर उभे राहिले.

येलच्या ग्ली क्लबमधील चौकडीतले आणि तिच्या भोवतीचे मित्र न्यू हेवनच्या टेम्पल स्ट्रीटवरील ‘मोरीज’ या मद्यगृहात आठवड्याला जमत. मोरियार्टी कुटुंबाने काढलेल्या या जागेचा कारभार तेव्हा लुई लिंडर पाहत असे. विद्यार्थ्यांचा लाडका असा हा मालक स्वतः गाण्याचा शौकीन होता. जेम्स हॉवर्ड, कार्ल लोहमन, मीड मिनिगेरोड, जॉर्ज पॉमरॉय आणि ‘गोट’ म्हणजे बोकड या टोपणनावाने ओळखला जाणारा डेंटन फाउलर अशी ही पाच जणांची मैफल होती. विद्यापीठाच्या परवानगीचा किंवा घटनेचा प्रश्नच नव्हता. एक टेबल आणि लिंडरची मर्जी एवढेच भांडवल होते. या पाचांपैकी हॉवर्ड पुढे धर्मोपदेशक झाला, मिनिगेरोड लेखक झाला आणि लोहमन येलच्याच सचिवपदावर दीर्घकाळ राहिला. पहिल्या पिढीतलाच एक जण विद्यापीठाच्या कारभारात असणे हे गटाच्या पथ्यावर पडले असणार.

नाव आले ते थेट नाटकातून. विन्सर मकाय या व्यंगचित्रकाराच्या ‘लिटल नेमो’ या चित्रमालिकेवर व्हिक्टर हर्बर्टने संगीतिका रचली आणि १९०८ मध्ये ती न्यूयॉर्कच्या रंगमंचावर आली. तिच्यात जोसेफ कॉथॉर्न हा विनोदी नट व्हिफनपूफ नावाच्या कुठेही अस्तित्वात नसलेल्या माशाची लांबलचक थाप मारी. चीजचे आमिष दाखवून हा मासा पकडायचा, अशी ती कथा होती. फाउलरला ती इतकी आवडली की त्याने मंडळाला तेच नाव सुचवले. गटाला अर्थहीन, गमतीदार नाव ठेवण्याची जी प्रथा आज अमेरिकेतील शेकडो अकापेला गटांत दिसते, तिचा उगम इथे आहे. येलमध्येच १९१४ साली निघालेल्या पुढच्या गटाने ‘स्पिझविंक्स’ असे नाव घेतले आणि त्याच्यापुढे कंसात प्रश्नचिन्हही जोडले. ते चिन्ह आजही नावाचा भाग आहे.

गटाचे स्वतःचे गीतही पहिल्याच वर्षी तयार झाले. ‘व्हिफनपूफ साँग’ या नावाने ते ओळखले जाते. शब्द मिनिगेरोड आणि पॉमरॉय यांनी जुळवले. चालीचे श्रेय कोणी टॉड गॅलवे याला देतात, तर कोणी गाय स्कल याला. शब्दांचा मूळ स्रोत मात्र वादातीत आहे. रडयार्ड किपलिंगच्या ‘जंटलमेन रँकर्स’ या कवितेचे हे विडंबनवजा रूपांतर होय. ही कविता १८९२ च्या ‘बॅरक-रूम बॅलड्स’ या संग्रहात आहे. किपलिंगचा जन्म १८६५ मध्ये मुंबईत झाला. त्याचे वडील जे. जे. कला विद्यालयात शिकवत होते. संग्रहातील सैनिकांच्या जगामागे वसाहतीतल्या छावण्यांचा अनुभव आहे. येलच्या मद्यगृहातील या गीताची एक वाट अशी मुंबईपर्यंत येते.

मूळ कविता विनोदी नाही. चांगल्या घरात वाढलेली, पण दारू, कर्ज किंवा बदनामीमुळे घराला मुकलेली माणसे ब्रिटिश सैन्यात साधे शिपाई म्हणून भरती होत. अधिकारी होण्याची पात्रता असूनही शिपायांच्या रांगेत उभ्या राहिलेल्या अशा माणसांचा तो विलाप आहे. कळपातून भरकटलेल्या मेंढरांची प्रतिमा त्यात येते आणि धृपदात त्यांचे बेंबाटणे ऐकू येते. येलच्या पोरांनी ती मेंढरे उचलली आणि शिपायांच्या जागी स्वतःला बसवले. जे देशातील सर्वांत सुखवस्तू घरांतून आले होते आणि बँका, वकिली, राजकारण ज्यांची वाट पाहत होते, त्यांनी स्वतःला वाट चुकलेली कोकरे म्हणवून घेतले. लिंडरची प्रेमळ आठवण आणि आपल्यालाही लोक विसरतील ही हुरहूर तेवढी त्यांची स्वतःची. हा करुणरस उसना आहे हे खरे, आणि त्यात थोडा लाडिकपणाही आहे. तरीही विद्यार्थिदशा संपत आल्याची जी भावना त्यात उतरली, ती येलच्या बाहेरच्या माणसालाही भिडली, म्हणूनच गीत टिकले. येलचाच माजी विद्यार्थी आणि रेडिओवरील लोकप्रिय गायक रूडी व्हॅली याने १९३७ मध्ये ते ध्वनिमुद्रित केले. १९४७ मध्ये बिंग क्रॉस्बीच्या आवाजात ते देशभर पोहोचले. १९५४ मध्ये लुई आर्मस्ट्राँगने त्याचेच विडंबन करून ‘बीबॉप’ या जॅझशैलीच्या वादकांची टर उडवली. म्हणजे विडंबनाचेही विडंबन झाले.

अकापेला गायनाची तांत्रिक बाजू मराठी श्रोत्याला थोडी समजावून सांगावी लागते, कारण आपल्याकडील समूहगान बहुतांशी एकाच चालीचे असते. इथे एकाच क्षणी वेगवेगळे गायक वेगवेगळे स्वर लावतात आणि त्यांच्या मेळातून ‘हार्मनी’ तयार होते. पुरुषी आवाजाच्या वृंदात चार पट्ट्या असतात: पहिला टेनर, दुसरा टेनर, बॅरिटोन आणि बास. चाल बहुधा दुसऱ्या टेनरकडे असते. पहिला टेनर तिच्या वर तरंगतो, बास पाया धरतो आणि बॅरिटोन उरलेली पोकळी भरतो. बॅरिटोनची ओळ सुटी ऐकली तर तिला चाल म्हणवत नाही, पण ती काढून टाकली की मेळ पोकळ वाटतो. एखाद्या गाण्यातील कोणता स्वर कोणत्या पट्टीने कधी लावायचा, मधल्या जागा कोणत्या निरर्थक अक्षरांनी भरायच्या, हे सारे आधी कागदावर लिहिलेले असते. त्याला ‘अरेंजमेंट’ म्हणतात. गटाची खरी मालमत्ता म्हणजे अशा अरेंजमेंटचा संग्रह.

वाद्य नसल्याने सुरुवातीचा स्वर कोणीतरी द्यावा लागतो. त्यासाठी पिच पाइप नावाची छोटी गोल शिटी वापरतात. ती खिशात मावते. एकदा स्वर मिळाला की पुढे आधार फक्त एकमेकांच्या आवाजाचा. यातला मोठा धोका म्हणजे नकळत सगळ्यांचे सूर मिळून उतरणे. गाणे संपताना पिच पाइप पुन्हा वाजवली तर वृंद अर्धा स्वर खाली घसरलेला आढळतो, हा अनुभव कोणत्याही गटाला नवा नाही. पण वाद्य नसण्याचा फायदाही तिथेच आहे. पियानोचे स्वर ठरावीक समान अंतरांवर बांधलेले असतात. त्यामुळे त्याचा शुद्ध गंधार नैसर्गिक गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट चढा असतो (एका अर्धस्वरात १०० सेंट धरतात). कान तयार असलेले गायक हे बंधन झुगारून नैसर्गिक जागेवर स्वर लावतात आणि मग मेळ घुमू लागतो. उत्तम जुळलेल्या तानपुऱ्याच्या खर्जातून जो स्वयंभू गंधार ऐकू येतो, तोच हा गंधार. दोन्हीकडे कारण एकच: मूळ स्वराच्या पाचपट कंपनसंख्येचा उपस्वर.

गटाची निवड वसंत सत्रात होते. पदवीच्या तिसऱ्या वर्षातले विद्यार्थी चाचणी देतात आणि त्यांच्यातून चौदा जण पुढच्या वर्षासाठी निवडले जातात. ते बहुधा येलमधल्याच इतर गटांत तयार झालेले असतात. म्हणजे शिकवण्याचे काम खालचे गट करतात आणि व्हिफनपूफ्सना तयार गळे मिळतात. संगीत दिग्दर्शकाला ‘पिचपाइप’ म्हणतात आणि व्यवस्थापकाला ‘पोपोकातेपेत्ल’. मेक्सिकोतील एका ज्वालामुखीचे हे नाव हिशेब ठेवणाऱ्याला का दिले, याची चिंता परंपरेने केलेली नाही. पोशाख ठरलेला आहे: मागे शेपट्या असलेला काळा कोट, पांढरा बो आणि पांढरे हातमोजे. दौऱ्यांचा पसारा इतका वाढला की अलीकडच्या काळात सदस्य शिक्षणातून एक वर्षाची रजा घेऊ लागले आणि ते वर्ष देशभरातील कार्यक्रम व जगप्रवास यांत घालवू लागले. पैसा कार्यक्रमांतून येतो. हौशी म्हणून सुरू झालेल्या मंडळाचा हा व्याप व्यावसायिक संस्थेच्या तोडीचा आहे.

या साऱ्यात मोरीजचे स्थान अढळ राहिले. लिंडरने १९१२ मध्ये व्यवसाय सोडला तेव्हा येलच्या माजी विद्यार्थ्यांनी तो हाती घेऊन त्याचा क्लब केला आणि यॉर्क स्ट्रीटवर नवी जागा थाटली. विद्यार्थ्यांनी नावे कोरलेली जुनी टेबले तिथे जपली आहेत. आठवड्यातून एकदा व्हिफनपूफ्स तिथे येऊन टेबलाटेबलापाशी गातात. मोरीजचा ‘कप’ हाही असाच जुना रिवाज. दोन कान असलेल्या मोठ्या चांदीच्या चषकातले पेय टेबलाभोवती फिरते आणि जो ते संपवतो त्याला चषक डोक्यावर पालथा घालून थेंबही उरला नसल्याचे सिद्ध करावे लागते. भोवतीचे लोक तेवढा वेळ गात राहतात. आर्थिक अडचणींमुळे २००८ च्या अखेरीस क्लब बंद पडला आणि २०१० मध्ये पुन्हा उघडला.

माजी सदस्यांत दोन नावे विशेष मोठी आहेत. ब्रॉडवेचा गीतकार-संगीतकार कोल पोर्टर हा १९१३ च्या तुकडीतला. विद्यार्थी असतानाच त्याने येलच्या फुटबॉल संघासाठी लिहिलेली गाणी आजही मैदानावर गायली जातात. दुसरा प्रेस्कॉट बुश. तो पुढे सिनेटर झाला, आणि त्याचा मुलगा व नातू अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झाले. कार्यक्रमाच्या शेवटी ‘व्हिफनपूफ साँग’ सुरू झाले की श्रोत्यांतले जुने सदस्य वृंदात सामील होतात. नव्वद-शंभर वर्षे जुन्या अरेंजमेंटची बारीक वळणे नव्या मुलांपर्यंत पोहोचतात त्यात या जुन्यांचा वाटा मोठा आहे. गट दरवर्षी बदलत असला तरी त्याची स्मृती गटाच्या बाहेर, अशा माणसांत साठलेली असते.

स्त्रियांचा प्रश्न दीर्घकाळ लोंबकळत राहिला. येलने पदवी अभ्यासक्रम १९६९ मध्ये मुलींना खुला केला आणि त्याच वर्षी ‘न्यू ब्लू’ हा मुलींचा पहिला गट निघाला. मोरीजने स्त्रियांना सदस्यत्व दिले ते १९७४ मध्ये, तेही मद्यपरवान्याचा वाद झाल्यावर. अंतिम वर्षाच्या मुलींसाठी ‘व्हिम अँड रिदम’ हा समांतर गट १९८१ मध्ये उभा राहिला. तो गाण्यात कमी नव्हता. नाव, पैसा आणि माजी सदस्यांचे जाळे मात्र व्हिफनपूफ्सकडेच राहिले, आणि वेगळे पण समान हा दावा तिथेच लटका पडत होता. फेब्रुवारी २०१८ मध्ये दोन्ही गटांनी लिंगाची अट काढून टाकली. निकष आवाजाचा ठेवला: व्हिफनपूफ्समध्ये टेनर व बास, दुसरीकडे सोप्रानो व आल्टो. त्याच महिन्यात पहिल्या तरुणीची व्हिफनपूफ्समध्ये निवड झाली. बदल योग्य होता, फक्त १०९ वर्षांनी आला.

येलच्या अनुकरणातून इतरत्र गट निघत गेले. स्मिथ या मुलींच्या महाविद्यालयातील ‘स्मिफनपूफ्स’ १९३६ चा. नावातच त्याची प्रेरणा दिसते. हार्वर्डचा ‘क्रोकोडिलोज’ १९४६ चा, टफ्ट्स विद्यापीठाचा ‘बीलझेबब्ज’ १९६२ चा. नव्वदीच्या दशकात टफ्ट्सच्याच डीक शॅरनसारख्या मंडळींनी तोंडाने ढोल-गिटारचे आवाज काढून रॉक आणि पॉप गाणी उभी केली, १९९६ मध्ये आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा सुरू झाली आणि अकापेलाचा तोंडवळाच बदलला. २०१२ च्या ‘पिच परफेक्ट’ या चित्रपटाने ही नवी शैली जगभर नेली. व्हिफनपूफ्सही २०१० मध्ये ‘द सिंग-ऑफ’ या दूरचित्रवाणी स्पर्धेत उतरले. पण त्यांचा मुख्य भर आजही जुन्या जॅझ चालींवर आणि घुमणाऱ्या मेळावर आहे.

स्पर्धा सुरू झाली त्याच वर्षी, म्हणजे १९९६ मध्ये, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील भारतीय वंशाच्या विद्यार्थ्यांनी हिंदी चित्रपटगीते आणि इंग्रजी पॉप एकत्र गुंफणारा ‘पेन मसाला’ हा गट काढला. दक्षिण आशियाई अकापेलाची ती सुरुवात. तिची हकीकत पुढील लेखांकात.