डंजन्स अँड ड्रॅगन्समधील फीट

फीट ही 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या टेबलाभोवती बसून खेळल्या जाणाऱ्या कल्पनारम्य भूमिकाखेळातील एक संज्ञा आहे. पात्राला त्याच्या वंशामुळे व वर्गामुळे आपोआप मिळणाऱ्या गुणांव्यतिरिक्त, खेळाडूने स्वतः निवडून घेतलेल्या विशेष क्षमतेस फीट म्हणतात. २००० साली प्रसिद्ध झालेल्या खेळाच्या तिसऱ्या आवृत्तीत ही संज्ञा प्रथम आली आणि त्यानंतरच्या प्रत्येक आवृत्तीत ती कोणत्या ना कोणत्या रूपात टिकून आहे.

मूळ इंग्रजी शब्दाचा अर्थ 'पराक्रम' किंवा 'अचाट कृत्य' असा होतो. मराठीत याच उच्चाराचे लांबीचे माप आणि आकडी असे दोन अर्थ आधीपासून रूढ असल्याने नवख्या वाचकाचा गोंधळ होणे स्वाभाविक आहे. 'कौशल्य' हा शब्द सोयीचा वाटला, तरी येथे तो वापरता येत नाही. कारण कौशल्य ही त्याच खेळातील निराळी गोष्ट आहे. कौशल्य म्हणजे पोहणे, कुलूप उघडणे, माग काढणे अशा कामांतील कमीअधिक गती. फीट मात्र एकतर असते किंवा नसते.

पार्श्वभूमी

या खेळात एक जण सूत्रधार असतो. त्याला 'डंजन मास्टर' म्हणतात. तो प्रसंग रंगवून सांगतो आणि उरलेले खेळाडू आपापल्या पात्राच्या वतीने काय करायचे ते ठरवतात. निकाल अनिश्चित असेल तेथे वीस बाजूंचा फासा टाकतात, आलेल्या आकड्यात पात्राच्या गुणांनुसार ठरलेली भर घालतात आणि बेरीज आवश्यक संख्येइतकी किंवा तिच्याहून अधिक झाल्यास कृती यशस्वी मानतात. अनुभव साठत जातो तशी पात्राची 'पातळी' वाढते.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी रचलेला हा खेळ १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यात लढवय्या, जादूगार आणि धर्मोपासक असे तीनच वर्ग होते. एकाच पातळीवरील दोन लढवय्ये नियमांच्या दृष्टीने जवळजवळ सारखेच असत. जन्मजात गुणांक आणि हाती लागलेली शस्त्रे व जादूच्या वस्तू यांपलीकडे त्यांच्यात फरक नसे. एक लढवय्या बेदरकार आणि दुसरा सावध आहे, हे खेळाडूच्या बोलण्यातून कळे, पात्राच्या कागदावरून नव्हे. ही उणीव भरून काढण्याचे प्रयत्न पुढे तुकड्यातुकड्यांनी झाले. १९८५ साली एका पूरक ग्रंथाने लढवय्याला विशिष्ट शस्त्रात प्रावीण्य मिळवण्याची मुभा दिली, तर त्याच वर्षीच्या दुसऱ्या ग्रंथात लढाईबाहेरील विद्या व हुन्नर यांसाठी नियम आले. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत हे दोन्ही धागे एकत्र दिसतात. परंतु सर्व वर्गांना लागू होणारी एकच योजना तोवर नव्हती.

तिसरी आवृत्ती: अटी आणि साखळ्या

मूळ प्रकाशनसंस्था टीएसआर ही १९९७ मध्ये विझर्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीने विकत घेतली. त्यानंतर जॉनथन ट्वीट, मॉन्टी कुक आणि स्किप विल्यम्स यांनी रचलेल्या तिसऱ्या आवृत्तीने ही योजना आणली. प्रत्येक पात्राला पहिल्या पातळीवर एक फीट आणि नंतर तिसऱ्या, सहाव्या, नवव्या अशा दर तिसऱ्या पातळीवर एकेक, म्हणजे विसाव्या पातळीपर्यंत एकूण सात फीट मिळत. मानवी पात्राला आरंभीच एक जादा मिळे. लढवय्याला या सातांखेरीज अकरा फीट मिळत, कारण त्याच्याजवळ जादूगारासारखी मंत्रविद्या नव्हती. फीट हीच त्याची विद्या होती.

बऱ्याच फीटना पूर्वअटी असत. 'पॉवर अटॅक'साठी बळाचा गुणांक किमान १३ हवा. ती असेल तर 'क्लीव्ह' घेता येई, म्हणजे एक शत्रू कोसळताच शेजारच्यावर आणखी एक वार करता येई. सर्वांत प्रसिद्ध साखळी 'व्हर्लविंड अटॅक'ची आहे. भोवतालच्या सर्व शत्रूंवर एकाच आवर्तनात वार करण्याची ही क्षमता हवी असल्यास बुद्धी व चपळता या दोन्हींचे गुणांक १३, हल्ल्याचे मूळ प्रावीण्य ४ आणि आधी घेतलेल्या चार फीट आवश्यक होत. केवळ लढवय्या असलेल्या पात्रालासुद्धा ती सहाव्या पातळीआधी साधत नसे. जादा फीट न मिळणाऱ्या मानवेतर पात्राला बारावी पातळी गाठावी लागे. म्हणजेच ज्याला ती हवी, त्याने पात्राचा जन्म होतानाच बुद्धीचा गुणांक राखून ठेवलेला असला पाहिजे. ज्याला हे ठाऊक नव्हते त्याच्यासाठी, कित्येक महिने खेळून झाल्यावर, ते दार बंद झालेले असे.

दुसरी अडचण अशी की सर्व फीट सारख्या मोलाच्या नव्हत्या. 'टफनेस' घेतल्यास पात्राची जीवनशक्ती तीन गुणांनी वाढे. पहिल्या पातळीवरील जादूगाराजवळ जेमतेम चार गुण असताना हे तीन गुण जीव वाचवणारे ठरत. शंभराहून अधिक गुण बाळगणाऱ्या ज्येष्ठ लढवय्याला त्यांचा पत्ताही लागत नसे. पुस्तकात मात्र दोघांसाठी तिचे वर्णन एकच. मॉन्टी कुक यांनी कालांतराने लिहिलेल्या एका लेखात हे मान्य केले, की नियमांवर प्रभुत्व मिळवणाऱ्या खेळाडूला त्याचे फळ मिळावे अशी रचना हेतुपुरस्सर केलेली होती; परंतु कोणता पर्याय केव्हा उपयोगी पडतो हे वाचकाला सरळ सांगितले असते तर अधिक बरे झाले असते. ही कबुली महत्त्वाची आहे. नियमपुस्तकाने नवशिक्याला कितपत हात द्यावा, या प्रश्नावर पुढील आवृत्त्यांतले बरेचसे बदल उभे आहेत.

उणिवेच्या मोबदल्यात जादा फीट

ठरलेल्या संख्येपेक्षा अधिक फीट मिळवण्याची खेळाडूंची हौस जुनीच आहे. २००४ च्या 'अनअर्थ्ड आर्काना' या ग्रंथाने तिला वैकल्पिक वाट काढून दिली: पहिल्या पातळीवर पात्राने एखादा कायमचा दोष पत्करावा आणि बदल्यात एक फीट घ्यावी, अशा दोन दोषांपर्यंत मुभा होती. कल्पना आकर्षक होती, पण व्यवहारात खेळाडू आपल्याला न बोचणारा दोष शोधू लागले. 'शेकी' या दोषामुळे लांबून मारा करताना दोनची वजावट होई. ज्या तलवारबहाद्दराला धनुष्य कधी हाती धरायचेच नव्हते, त्याला ती फीट जवळजवळ फुकट पडे.

पाचव्या आवृत्तीच्या सूत्रधारासाठीच्या ग्रंथात अधिक समंजस मार्ग सुचवलेला आढळतो. एखाद्या कामगिरीबद्दल धनाऐवजी गुरूकडील प्रशिक्षण द्यावे आणि त्यातून पात्राला फीट लाभावी, असा तो मार्ग होय. येथे क्षमता कथेतून येते आणि तिची किंमत कथेतच चुकती होते. याशिवाय सर्व पात्रांना आरंभीच एक फीट देण्याचा घरगुती नियमही पुष्कळ गटांत पाळला जातो.

पाचवी आवृत्ती: गुणांक की फीट?

२००८ च्या चौथ्या आवृत्तीत तीस पातळ्यांत अठरा फीट मिळत. त्या संख्येने अधिक पण परिणामाने लहान होत्या. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीने उलट दिशा धरली. फीट वैकल्पिक ठरल्या, थोड्या झाल्या, आणि प्रत्येक पुष्कळ वजनदार झाली. चौथ्या, आठव्या, बाराव्या, सोळाव्या आणि एकोणिसाव्या पातळीवर पात्राचे गुणांक वाढत. सूत्रधाराची परवानगी असल्यास ती वाढ सोडून फीट घेता येई. लढवय्याला अशा दोन आणि चोराला एक जादा संधी असे.

ही अदलाबदल किती नाजूक आहे, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. चौथ्या पातळीवरील लढवय्याचा बळाचा गुणांक १६ आहे आणि त्याच्या हाती दोन्ही हातांनी पेलण्याची मोठी तलवार आहे. तिचा सरासरी घाव ७ गुणांचा. गुणांक १८ वर नेल्यास त्याच्या फाशात ६ ची भर पडते आणि घाव सरासरी ११ होतो. त्याऐवजी 'ग्रेट वेपन मास्टर' ही फीट घेतल्यास भर ५ च राहते व घाव १० राहतो. परंतु फाशातून ५ वजा करण्याची तयारी असेल तर घावात १० वाढतात. आता समोरच्या शत्रूचे संरक्षण १२ असेल, तर पहिल्या लढवय्याचा वार शंभरात ७५ वेळा लागतो आणि सरासरी हानी ८.२५ पडते. दुसऱ्याचा वार ४५ वेळाच लागतो, तरी हानी ९ पडते. शत्रू चिलखतधारी असून संरक्षण १८ असेल, तर पहिल्याची सरासरी ४.९५ आणि वजावट पत्करणाऱ्या दुसऱ्याची केवळ ३. तो शहाणपणाने वजावट टाळील, तरी ४ च्या पुढे जात नाही. (फाशावर २० आल्यास होणारी जादा हानी येथे धरलेली नाही.) तात्पर्य, ही फीट सर्वत्र श्रेष्ठ नाही. पण फाशाला अनुकूलता देणारा एखादा मांत्रिक सोबती लाभला की तिचे पारडे फार झुकते, आणि म्हणूनच अवजड शस्त्र वापरणाऱ्याने ती घेतलीच पाहिजे असा समज दृढ झाला. जो पर्याय सर्वांनाच घ्यावा लागतो, तो पर्याय कसला?

'टफनेस'चा धडा मात्र येथे गिरवलेला दिसतो. तिची जागा घेणारी 'टफ' ही फीट प्रत्येक पातळीमागे दोन गुण देते, त्यामुळे तिचे मोल पात्राबरोबर वाढत जाते.

आक्षेप

जुन्या पद्धतीच्या खेळाचे पुरस्कर्ते फीटविषयी मूलभूत आक्षेप घेतात: क्षमता यादीत लिहिली, की ती नसलेल्यांसाठी निषिद्ध होते. २०१४ च्या नियमांत 'ऑब्झर्व्हंट' या फीटमुळे पात्राला ओठांच्या हालचालींवरून बोलणे ओळखता येई. ही फीट नसती तर कोणत्याही खेळाडूने तसा प्रयत्न करतो म्हटले असते आणि सूत्रधाराने फासा टाकायला लावला असता. आता एकाने तिच्यासाठी मोल मोजलेले असताना दुसऱ्याला ती फुकट कशी द्यावी?

आक्षेप वजनदार आहे, पण त्याची दुसरी बाजूही आहे. नियम मोकळे असतात तेव्हा जो बोलण्यात चतुर, त्याचेच चालते आणि सूत्रधाराच्या मर्जीला महत्त्व येते. टेबलाच्या कोपऱ्यात बसलेल्या बुजऱ्या, नवख्या खेळाडूला मनधरणी करता येत नाही. त्याच्या कागदावर लिहिलेली फीट हा त्याचा हक्क असतो आणि तो कोणाला नाकारता येत नाही.

इतर खेळांत

तिसऱ्या आवृत्तीचे नियम खुल्या परवान्याखाली उपलब्ध झाल्याने फीट अन्य खेळांतही पोहोचल्या. पायझो या संस्थेच्या 'पाथफाइंडर'ने २००९ मध्ये त्या दर विषम पातळीवर दिल्या. त्याच्या २०१९ च्या दुसऱ्या आवृत्तीत वंश, वर्ग, कौशल्य आणि सर्वसाधारण अशा स्वतंत्र फीट असून, लढाईची फीट घेतल्याने संभाषणाची किंवा प्रवासाची फीट हातची जाण्याचा प्रसंग सहसा येत नाही.

२०२४ चे नियम

डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या २०२४ च्या सुधारित खेळाडू-पुस्तिकेत फीट वैकल्पिक राहिलेल्या नाहीत. प्रत्येक पात्राला त्याच्या पूर्वायुष्यानुसार पहिल्याच पातळीवर एक 'ओरिजिन' फीट मिळते: शेतकऱ्याला 'टफ', खलाशाला 'टॅव्हर्न ब्रॉलर', कलावंताला 'म्युझिशियन', गुन्हेगाराला 'अलर्ट'. मानवाला आणखी एक निवडता येते. चौथ्या पातळीपासून मिळणाऱ्या बहुतेक फीट एखादा गुणांक एकने वाढवतात, त्यामुळे गुणांक आणि फीट यांतील जुना पेच बराच सैल झाला आहे. 'ग्रेट वेपन मास्टर'मधील वजावटीचा जुगार काढून टाकला असून, त्याऐवजी पात्राच्या प्रावीण्याइतकी ठरावीक भर घावात पडते. एकोणिसाव्या पातळीसाठी 'एपिक बून' नावाचा वेगळा गट आहे. जुन्या ग्रंथांतील ज्या पूर्वायुष्यांना फीट जोडलेली नाही, ती घेणाऱ्या खेळाडूला कोणतीही एक ओरिजिन फीट आपल्या पसंतीने घेता येते.