धामणीचें लांकूड

आमच्या डहाणू-तलासरीकडील मुलांस 'धामण' म्हटलें कीं प्रथम साप आठवतो. एकदां आम्हीं वनस्पतींचे नमुने आणावयास सांगितले होते. दुसऱ्या दिवशीं एका विद्यार्थ्यानें दारांतूनच "गुरुजी, धामण आणली!" असें ओरडून सांगितलें, आणि पुढच्या दोन बाकांवरील मुलें ताडकन् उभीं राहिलीं. त्याच्या हातांत होती ती एक डहाळी! हें झाड साग, ऐन, खैर यांच्या सोबतीनें येथल्या रानांत वाढतें. पण घरांतील कुऱ्हाडीचा दांडा बहुधा ह्याच झाडाचा, हें फार थोड्यांच्या ध्यानीं असतें.

वेस्ट इंडीज बेटांत लवचीक लांकडासाठीं प्रसिद्ध असें एक सदाहरित झाड आहे. त्यास लान्सवुड म्हणतात. घोडागाडीच्या दांड्या व मासे धरण्याच्या गळकाठ्या त्याच्या करीत. आपल्या देशांत तेंच काम धामण करीत आली. ती मात्र सदाहरित नव्हे; उन्हाळ्याच्या तोंडीं पानें टाकते. पानाची देठाकडील एक बाजू मोठी व दुसरी लहान, ही तिची सोपी खूण. फळें वाटाण्याएवढीं, पिकलीं म्हणजे काळीं होतात व आंबटगोड लागतात.

आतां लांकूड वांकतें तेव्हां काय होतें, तें पाहूं. काठी वांकविली असतां तिची बाहेरची बाजू ताणली जाते व आंतली दाबली जाते. लांकडांतील तंतू लांब, सरळ व एकमेकांस घट्ट धरून असले तर ते हा ताण सोसतात, आणि हात सोडतांच काठी पूर्ववत् होते. मध्यें गांठ आली कीं तंतूंची वाट वळते व काठी तेथेंच मोडते. धामणीचे तंतू ह्या कामीं उत्तम. तिच्या अंतर्सालीचे दोर वळतात, यावरूनही तिचा चिवटपणा कळेल; ज्या ज्यूटचीं पोतीं होतात त्याची ही नातलगच आहे. डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेनें सागाचे गुण शंभर धरून इतर लांकडांची तुलना केली, तींत आघात सोसण्याच्या बाबतींत धामण सागाच्या पुढें ठरली. घराच्या तुळईस साग हवा, हें खरें. पण कुऱ्हाडीचा घाव बसतो तेव्हां दांड्यानें किंचित् वांकून धक्का गिळला पाहिजे. नाहींतर तो मनगटांत येतो, किंवा दांडाच नेढ्यापाशीं मोडतो. कावडीसही हाच गुण लागतो, आणि धनुष्यास तर तो सर्वांहून अधिक लागतो. धामणीचा दोष एवढाच कीं तिचें पांढरें बाह्यकाष्ठ किडीस लवकर बळी पडतें.

परंतु जें लांकूड कामाचें, त्याच्या झाडावर संकटही तेवढेंच. दांड्यासाठीं निवडतात ती सरळ, बिनगांठीची, कोवळी काठी. वांकडें झाड कोणी तोडीत नाहीं. म्हणजे बीं धरावयास मागें राहतात तीं वांकडींच. 1991 च्या जून महिन्यांत केंद्र सरकारनें डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरवून कारखान्यांवर बंधनें घातलीं, तें योग्यच झालें. पण काठीएवढ्या रोपाची राखण अधिसूचनेनें कशी व्हावी? ती तोडणाऱ्यानेंच करावयाची. धामणीच्या खुंटास नवे फुटवे जोमानें येतात. घाव जमिनीलगत व स्वच्छ घातला, त्यांतील एक-दोन सरळ फुटवे राखले, आणि वणवा व गुरें यांपासून त्यांना कांहीं वर्षें सांभाळलें, तर त्याच खुंटावर पुन्हां दांडा तयार होतो. रानांतील जाणते लोक काठी तोडण्यापूर्वीं ती थोडी वांकवून पाहतात व न आवडली तर सोडून देतात. तसें करणारीं माणसें आम्हीं पाहिलीं आहेत. पण तीं वयानें आतां वृद्ध आहेत.

गेल्या पावसाळ्यांत आम्हीं शाळेच्या कुंपणाशीं मूठभर आठळ्या पेरल्या. त्यांची कवची कठीण, म्हणून उगवण सावकाश व थोडी. दोनच रोपें आलीं. एक शेजारच्या शेळीनें खाल्लें. दुसरें वीतभर आहे, व त्याभोंवतीं सातवीच्या मुलांनीं कांटे लावले आहेत.