पादत्राणांच्या प्रचारात्मक संकेतस्थळाचे संवादपटल

पादत्राणांच्या प्रचारात्मक संकेतस्थळाचे संवादपटल म्हणजे चपला, जोडे किंवा बूट यांची ओळख करून देणाऱ्या संकेतस्थळावरील मजकूर, छायाचित्रे, बटणे व अर्ज यांची वापरकर्त्याला दिसणारी आणि हाताळता येणारी मांडणी होय. 'युजर इंटरफेस' या संज्ञेसाठी येथे 'संवादपटल' हा शब्द योजला आहे. दुकानात ग्राहक चप्पल हातात घेतो, तळ वाकवून पाहतो, पायात घालून चार पावले चालतो. पडद्यावर यांपैकी काहीच शक्य नसते. हात व पाय जे सांगतात ते डोळ्यांकरवी कळविणे, हेच अशा संवादपटलाचे मुख्य काम आहे. महाराष्ट्रात याचे सर्वांत बोलके उदाहरण कोल्हापुरी चपलेचे आहे.

रचनातत्त्वे

या शास्त्राची काही तत्त्वे मानसशास्त्रीय प्रयोगांतून आली आहेत. विल्यम हिक यांनी 1952 मध्ये दाखवून दिले की पर्याय वाढतात तसा निर्णयाला लागणारा वेळही वाढतो. पॉल फिट्स यांच्या 1954 मधील नियमानुसार लक्ष्य जितके लहान व दूर, तितका तेथे पोहोचण्यास वेळ अधिक. पुढे 1990 मध्ये रॉल्फ मोलिख व याकोब नील्सन यांनी संवादपटल तपासण्याचे निकष मांडले आणि नील्सन यांनी 1994 मध्ये त्यांना दहा निकषांचे रूप दिले. वापरकर्त्याच्या परिचयाची भाषा वापरावी, चूक घडल्यावर सूचना देण्यापेक्षा ती घडूच देऊ नये, आठवण्यापेक्षा ओळखण्यावर भर द्यावा, हे त्यांपैकी काही होत.

कोल्हापुरी चपलेचे उदाहरण

कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ते महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा व सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट व विजापूर अशा आठ जिल्ह्यांपुरते आहे. संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ आणि कर्नाटकचे बाबू जगजीवनराम चर्मोद्योग विकास महामंडळ यांच्याकडे त्याची नोंदणी आहे. जून 2025 मध्ये मिलान येथे प्राडा या इटालियन कंपनीच्या प्रदर्शनात तशाच घडणीच्या चपला केवळ 'चामड्याच्या सँडल' म्हणून मांडल्या गेल्या. महाराष्ट्रातून आक्षेप घेतला गेल्यावर कंपनीने भारतीय हस्तकलेपासून प्रेरणा घेतल्याचे मान्य केले. उत्पादनाच्या छायाचित्राखालची एक ओळ कोणाचे श्रम दाखवते आणि कोणाचे झाकते, हे या प्रसंगाने स्पष्ट झाले. संवादपटल रचणाराच ही ओळ कोठे व किती ठळक असावी ते ठरवतो, हे बहुधा विसरले जाते.

अस्सल कोल्हापुरी चप्पल बाभळीची साल व हिरडा यांनी कमावलेल्या चामड्याची असते. तिची शिवण चामड्याच्या वादीने घातलेली असते, खिळे नसतात. यंत्रावर केलेल्या रेग्झिनच्या नकलेपासून हा भेद छायाचित्रात दाखवायचा तर वरून घेतलेले एकच देखणे चित्र पुरत नाही. तळ, कडेची शिवण आणि वेणी यांची जवळून घेतलेली चित्रे हवीत. चित्रावर अंगठा, पट्टा, कान, वेणी अशी कारागिरांची नावेच लिहावीत. परिचयाच्या भाषेचा निकष येथे आपोआप पाळला जातो.

माप

पादत्राणांच्या खरेदीत घोटाळा मुख्यतः मापात होतो. भारतात रूढ असलेल्या ब्रिटिश पद्धतीत एक माप वाढले की लांबी एक तृतीयांश इंच, म्हणजे सुमारे 8.5 मिलिमीटरने वाढते. युरोपीय पद्धतीत ती दोन तृतीयांश सेंटिमीटरने वाढते. त्यामुळे नुसता '8' किंवा '42' हा आकडा अपुरा ठरतो. पद्धतीचे नाव आणि पायाची लांबी सेंटिमीटरमध्ये शेजारीच द्यावी. कोल्हापुरी चप्पल सुरुवातीला घट्ट बसते आणि वापराने सैल होते, ही सूचना माप निवडण्याच्या जागीच असावी. ती 'नेहमीचे प्रश्न' या पानात लपविली की जोडी परत येते आणि तिचा भुर्दंड अनेकदा कारागिरावर पडतो.

देवनागरी मजकूर

इंग्रजी संकेतस्थळाचा साचा मराठीला जसाच्या तसा लावता येत नाही. वेलांट्या, मात्रा, रफार ओळीच्या वर जातात, उकार खाली उतरतात. म्हणून दोन ओळींतील अंतर अधिक हवे. रोमन शीर्षकांत अक्षरे लांब लांब ठेवण्याची पद्धत देवनागरीत शिरोरेषा तोडते. मोठ्या लिपीतील अक्षरे देवनागरीत नसल्याने ठळकपणा जाडीने किंवा आकाराने आणावा लागतो. चामड्याची आठवण करून देणारी तपकिरी अक्षरे बदामी पार्श्वभूमीवर शोभून दिसतात, पण वाचता येत नाहीत. वेब सुगम्यतेच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार सामान्य मजकूर व पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे गुणोत्तर किमान 4.5:1 असावे.

उत्पादनस्थळ आणि विक्रीस्थळ

धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्हा मानांकनाच्या आठ जिल्ह्यांत नाही. लगतचा सोलापूर आहे. धाराशिव येथील विक्रेता सोलापूर वा कोल्हापूरचा माल संकेतस्थळावर मांडत असेल, तर 'येथे घडली' आणि 'येथे मिळेल' ही दोन माहितीस्थाने वेगळी दाखवावीत. दोन्ही एकाच चौकटीत आल्यास जवळच्या गोष्टी एकच समजण्याच्या दृष्टीच्या सवयीमुळे वाचकाची दिशाभूल होते, मग मजकूर कितीही खरा असो.

मानांकनाचे चिन्ह पानाच्या तळाशी, इतर चिन्हांच्या गर्दीत ठेवण्याची चाल सर्रास आहे. ते किमतीलगत असावे आणि दाबल्यावर पुरावा उघडावा. संत रोहिदास महामंडळाने नकली मालाला आळा घालण्यासाठी 2025 मध्ये चपलांसाठी क्यूआर कोडची व्यवस्था पुढे आणली. त्यातून कारागीर व घडणीची माहिती मिळते. मात्र मोबाइलच्याच पडद्यावर दिसणारा कोड त्याच मोबाइलच्या कॅमेऱ्याने टिपता येत नाही. म्हणून संकेतस्थळावर कोडच्या चित्रासोबत तीच माहिती उघडणारा दुवाही द्यावा लागतो.