कडा करपा: सत्तर वर्षांचा मागोवा

भिवंडी म्हटले की यंत्रमाग आणि गोदामे डोळ्यांपुढे येतात. पण श्रावण-भाद्रपदात वाड्याच्या रस्त्याला लागा, गोदामांच्या पत्र्यांमागे अजून भाताची खाचरे दिसतात. त्यांतल्या एखाद्यात पाने टोकापासून कडेकडेने पिवळी पडत येतात, मग पेंढ्याच्या रंगाची होतात. हिरव्याला भिडलेली ती कड सरळ नसते, नागमोडी असते. हा कडा करपा. रोगट पानाचा तुकडा ग्लासभर स्वच्छ पाण्यात धरला की कापलेल्या टोकातून पांढुरका धूर उतरावा तसे जिवाणू बाहेर पडतात. शेतावर करता येणारी याहून सोपी परीक्षा नाही.

जपानी शेतकऱ्यांना हा रोग १८८४ पासून ठाऊक होता. आपल्याकडे तो १९५१ मध्ये तेव्हाच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यात दिसला, आणि १९५९ मध्ये श्रीनिवासन, तिरुमलाचार आणि पटेल यांनी ‘करंट सायन्स’मध्ये त्याची नोंद केली. तिरुमलाचार पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये संशोधन करत. तिथल्याच ‘स्ट्रेप्टोसायक्लीन’ची पुडी पुढे जिवाणूजन्य रोगांवरचा घरोघरचा उपाय झाली. १९६३ मध्ये बिहारच्या शाहाबाद जिल्ह्यात मोठी साथ आली. त्यानंतर तायचुंग नेटिव्ह-१ सारख्या बुटक्या, युरिया पचवणाऱ्या जाती आल्या आणि रोगाला मोकळे रान मिळाले. उत्पन्न वाढत होते, म्हणून कुणी फार तक्रार केली नाही. माझ्या मते त्या दोन-तीन दशकांत नजर फवारणीच्या पंपावरच राहिली. हेच जिवाणू अंगावर घेऊन हिरवे राहणारे भात नेमके काय करते, याकडे लक्ष उशिरा गेले.

असे एक भात सापडले ते मालीतल्या रानटी जातीत, ओरायझा लाँजिस्टॅमिनाटामध्ये. त्याची रोगप्रतिकारशक्ती कटकच्या भात संशोधन संस्थेत १९८० च्या दशकात लक्षात आली. फिलिपिन्समध्ये गुरदेव खुश आणि सहकाऱ्यांनी संकर करून तिचा जनुक लागवडीच्या भातात आणला. १९९० मध्ये त्याला एक्सए-२१ हे नाव मिळाले. १९९५ मध्ये पामेला रोनाल्ड यांच्या प्रयोगशाळेने तो वेगळा काढला, तेव्हा कळले की हा जनुक पेशीच्या पातळ आवरणातून आरपार जाणारे एक प्रथिन घडवतो. त्याचे एक टोक बाहेर चाचपत असते, दुसरे आत इशारा देते. वनस्पतीच्या अंगात आपल्यासारख्या फिरत्या पांढऱ्या पेशी नसतात. प्रत्येक पेशीला आपला पहारा स्वतःच द्यावा लागतो.

पण हे बाहेरचे टोक चाचपते काय? २००९ मध्ये रोनाल्ड यांच्या प्रयोगशाळेने एका निबंधात उत्तर जाहीर केले. पुढे कळले की प्रयोगशाळेतल्या जिवाणूंच्या साठ्यात चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली होती. २०१३ मध्ये रोनाल्ड यांनी तो निबंध जाहीरपणे मागे घेतला. विज्ञानात हे जितके व्हायला हवे तितके होत नाही. खरे उत्तर २०१५ मध्ये हाती आले: रॅक्सएक्स नावाचे एक छोटे प्रथिन, त्यावर गंधकयुक्त सल्फेटची खूण. गंमत अशी, की जिवाणू या प्रथिनाने वनस्पतीच्याच एका वाढसंप्रेरकाची नक्कल करतो. एक्सए-२१ मूळ संप्रेरकाला प्रतिसाद देत नाही, नकलेलाच पकडतो.

प्रतिकाराची दुसरी तऱ्हा याहून अजब आहे. जिवाणू सुईसारख्या नळीतून काही प्रथिने पेशीत सोडतो. ती थेट भाताच्या डीएनएवर बसून साखर बाहेर सोडणारा एक जनुक चालू करतात आणि जिवाणूंना आयती साखर मिळते. या जनुकाच्या एक्सए-१३ या नैसर्गिक प्रकारात डीएनएवरची ती बसायची जागाच बदललेली असते. तिथे ओळखण्याचा प्रश्न येत नाही, जिवाणूचा हुकूम लागूच होत नाही. मला हा प्रतिकार अधिक आवडतो; त्यात धावपळ नाही.

हैदराबादच्या भात संशोधन संचालनालयाने आणि पेशी व रेणवीय जीवशास्त्र केंद्राने एक्सए-२१, एक्सए-१३ आणि एक्सए-५ हा आणखी एक, असे तीन प्रतिकारक जनुक सांबा मसुरी या भाताच्या जातीत आणले. सुधारित जात २००८ मध्ये प्रसारित झाली. काम डीएनएच्या खुणा पाहून केलेल्या साध्या संकराचे होते, जनुकबदल केलेले बियाणे नव्हे. जिवाणूचे काही प्रकार एका जनुकाला चकवतात, म्हणून तीन एकत्र. त्याआधी बासमतीच्या एका जातीत दोन जनुक आले होते. मोठ्या बाजाराच्या जाती आधी, हा क्रम अपेक्षितच.

स्ट्रेप्टोसायक्लीनची गोष्टही तोवर बदलली. माणसाची औषधे शेतात फवारल्याने प्रतिकारक जिवाणू वाढतील, या काळजीने केंद्राने डिसेंबर २०२१ मध्ये तिच्यातल्या स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लीनच्या शेतीतल्या वापरावर बंदीचा मसुदा काढला.

ज्यांच्याकडे प्रतिकारक बियाणे नाही, त्यांना कृषी विभागाचे सांगणे जुनेच आहे: युरिया हप्त्याहप्त्याने द्या, रोगट खाचराचे पाणी शेजारच्या खाचरात सोडू नका, आणि आवणीआधी रोपांचे शेंडे छाटू नका. हा जिवाणू पानाच्या टोकाकडच्या पाणी सोडणाऱ्या छिद्रांतून आत जातो. छाटलेल्या शेंड्यातून तर तो सरळ पाणी वाहणाऱ्या नलिकांत उतरतो.